जुने एलपीजी किट घेताना : आधी फिटर, मग टाकी, शेवटी भाव

सोलापुरात सीएनजीचे पंप सुरू झाल्यापासून अनेकांनी आपल्या गाड्यांमधली एलपीजी किटे उतरवून घेतली, काहींच्या जुन्या ओम्नी आणि मारुती ८०० भंगारात गेल्या, आणि गॅरेजांच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या या किटांना गिऱ्हाईक शोधले जाऊ लागले. नव्या किटाच्या निम्म्याहून कमी भावात काम होते म्हटल्यावर मोह होणे स्वाभाविक आहे. जुने किट घेऊच नये, असे माझे मत नाही. मात्र बहुतेक लोक हा व्यवहार उलट्या क्रमाने करतात, म्हणजे आधी पैसे देतात, मग मिस्त्री शोधतात आणि आरटीओचे नाव सगळ्यात शेवटी काढतात, आणि त्यामुळे स्वस्तातले किट महागात पडते. हा क्रम पूर्ण फिरवला तरच जुन्या किटात पैसे वाचतात.

सुरुवात शब्दापासून करावी लागेल, कारण ‘किट’ या शब्दाचे बाजारात दोन अर्थ होतात. आपल्या मनात किट म्हणजे टाकीपासून स्विचपर्यंतचा सगळा संच असतो, तर पुष्कळ मिस्त्री नुसत्या रिड्यूसरलाच किट म्हणतात. फोनवर कोणी फारच कमी भाव सांगितला, तर तो बहुधा एकट्या रिड्यूसरचा असतो. पूर्ण संचात डिकीतली टाकी, टाकीवरचा मल्टिव्हॉल्व्ह आणि त्यावरची हवाबंद पेटी, गॅस भरण्याचे तोंड, तांब्याची नळी, बोनेटखालचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारा) आणि फिल्टर, द्रवरूप गॅसची वाफ करून दाब उतरवणारा रिड्यूसर, आणि डॅशबोर्डवरचा पेट्रोल-गॅस बदलण्याचा चेंजओव्हर स्विच इतक्या वस्तू येतात. जुन्या पद्धतीच्या किटात यापुढे हवेत गॅस मिसळणारा मिक्सर असतो. सिक्वेन्शियल किटात मिक्सरऐवजी गॅसच्या इंजेक्टरांची रेल, स्वतंत्र ईसीएम (गॅसचे प्रमाण ठरवणारा छोटा संगणक), दाबाचा व तापमानाचा सेन्सर आणि वायरिंगचा पूर्ण हार्नेस असतो. यांपैकी काय मिळणार आणि काय मिळणार नाही, ते एका कागदावर लिहून घेतल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत.

आता पहिली पायरी. विकणाऱ्याकडे जाण्याआधी गॅस किट बसवण्याचा अधिकृत परवाना असलेल्या फिटरकडे जावे आणि त्याला एकच प्रश्न विचारावा : ‘मी जुने किट आणले, तर तुम्ही ते बसवून तुमच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र द्याल का, आणि कोणत्या अटीवर?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गाडीचे इंधन बदलणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला फेरबदल ठरतो आणि तो आरसीवर नोंदवावा लागतो. आरसीवर इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/एलपीजी’ अशी नोंद व्हायची असेल, तर किटाला मान्यताप्राप्त संस्थेची टाइप ॲप्रूव्हल, म्हणजे त्या नमुन्याच्या किटाला दिलेली मान्यता, आहे का, ती आपल्या गाडीच्या इंजिनाच्या क्षमतेला लागू पडते का, टाकीला पेसोची मान्यता आहे का आणि किट कोणी बसवले, याचे कागद लागतात. पुण्याची एआरएआय ही टाइप ॲप्रूव्हल देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे, आणि पेसो म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना. जुन्या किटाच्या बाबतीत हे कागद पहिल्या मालकाच्या नावावर आणि पहिल्या गाडीच्या क्रमांकावर असतात. त्यामुळे काही फिटर जुन्या किटाला हातच लावत नाहीत, काही जण ‘पुढचा भाग जुना चालेल, पण टाकी आमच्याकडून नवी घ्या’ असे सांगतात, तर काही जण स्वतः विकलेल्या किटांपुरती तयारी दाखवतात. फिटरच्या या उत्तरावर पुढचा सगळा व्यवहार अवलंबून आहे. त्याने स्पष्ट नकार दिला आणि दुसऱ्यानेही दिला, तर ते किट फुकट मिळाले तरी आपल्या कामाचे नाही.

कोणीतरी हमखास सुचवते की पासिंगच्या भानगडीत कशाला पडता, अशा कितीतरी गाड्या फिरतात. त्या फिरतात हे खरे आहे. पण नोंद नसलेल्या किटाच्या गाडीला अपघात झाला किंवा आग लागली, तर विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण आयते मिळते, आणि पुढे गाडी विकताना किट एक तर उतरवावे लागते किंवा भाव पाडून द्यावा लागतो. किटाची नोंद विमा पॉलिसीतही करावी लागते. मोटार विम्याच्या दरपत्रकाप्रमाणे किटाच्या किमतीच्या ४ टक्के आणि तृतीय पक्षासाठी वर ६० रुपये, एवढाच जादा हप्ता पडतो, म्हणजे किट दहा हजारांचे धरले तरी वर्षाला साडेचारशे-पाचशे रुपयांपलीकडे जात नाही. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे संमतिपत्र आधीच मागून ठेवावे.

दुसरी पायरी म्हणजे ज्या गाडीतून किट निघाले त्या गाडीची चौकशी. विकणाऱ्याकडून त्या गाडीच्या आरसीची प्रत, किटाचे मूळ बिल, बसवल्याचे प्रमाणपत्र आणि टाकीचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. बिलावरचा टाकीचा क्रमांक आणि टाकीवर कोरलेला क्रमांक स्वतः वाचून जुळवावा. आपल्याकडे जुन्या गाड्यांची आवकजावक सोलापूरच्या एमएच १३ पुरती मर्यादित नसते. अकलूजकडची एमएच ४५, विजयपूरकडची केए २८ आणि कलबुर्गीकडची केए ३२ अशा पाट्यांच्या गाड्यांमधले सुटे भाग इथल्या गॅरेजांत सर्रास येतात. त्यात गैर काही नाही. फक्त मूळ गाडी अजून रस्त्यावर असेल आणि तिच्या आरसीवर एलपीजीची नोंद तशीच असेल, तर तोच टाकीचा क्रमांक आपल्या गाडीवर नोंदवताना अडचण येऊ शकते. गाडी भंगारात गेली असेल, तर त्याचा कागद मागावा. ‘कागद गावाकडे आहेत, पाठवून देतो’ असे उत्तर आले, तर कागद येईपर्यंत पैसे आपल्या खिशात ठेवावेत.

तिसरी पायरी टाकीची, आणि इथे घाई अजिबात करू नये. रिड्यूसर बिघडला तर गाडी बंद पडते आणि आपण पेट्रोलवर घरी येतो. टाकी बिघडली तर काय होते, हे सांगायला नको. एलपीजीच्या वाहनातील टाकीची दर ५ वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. या चाचणीत टाकी पाण्याने भरून तिच्यावर नेहमीच्या वापरापेक्षा कितीतरी जास्त दाब दिला जातो आणि ती फुगते किंवा पाझरते का, हे पाहतात. पाणी दाबले जात नसल्याने टाकी फाटली तरी स्फोट होत नाही, म्हणून ही चाचणी हवेने न करता पाण्याने करतात. टाकीवर कोरलेल्या मजकुरात किंवा तिच्यावरच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव, अनुक्रमांक, आयएस १४८९९ हे मानक, पाण्याच्या मापाने लिटरमधली क्षमता आणि चाचणीचा महिना व वर्ष असते. हा मजकूर वाचता येत नसेल, तर ती टाकी आपल्यासाठी नाही.

काही वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या गाडीसाठी आम्ही असेच एक किट पाहायला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे गेलो होतो. टाकी नुकत्याच मारलेल्या काळ्या रंगाने चकचकीत दिसत होती. सोबत नेलेल्या मिस्त्रीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “रंग कशाला मारला ओ?” विकणारा म्हणाला, “साहेब, धूळ बसली होती, जरा साफ केली. टाकी एक नंबर आहे.” मिस्त्रीने काही न बोलता सुती चिंध्यांचा बोळा थिनरमध्ये भिजवला आणि पट्टीवर घासायला सुरुवात केली. काळ्याखालून आधी राखाडी, मग जुना लालसर थर निघाला आणि हळूहळू आकडे दिसू लागले. पाच वर्षे उलटून वर आणखी तीन वर्षे झाली होती, आणि फेरचाचणीची खूण कुठेच नव्हती. “तारीख बघून गाडी चालती का ओ?” असे विकणाऱ्याने हसत विचारले. मिस्त्रीने त्याला उत्तर दिले नाही. त्याने टाकी उलटी केली आणि जिथे लोखंडी पट्टा आवळलेला असतो त्या जागी अंगठ्याचे नख फिरवले. नखाबरोबर गंजाचा पापुद्रा सुटून आला. मेव्हणा हळूच म्हणाला, “दाजी, राहू द्या.” आम्ही ती टाकी तिथेच ठेवली. त्याच विकणाऱ्याकडचा रिड्यूसर आणि स्विच मात्र चांगले निघाले आणि ते आम्ही घेतले.

या प्रसंगातून मी दोन सवयी लावून घेतल्या. पहिली म्हणजे नव्या रंगाची टाकी दिसली की ती जुन्या रंगाच्या टाकीपेक्षा जास्त बारकाईने पाहायची. दुसरी म्हणजे टाकी नेहमी उलटी करून पाहायची, कारण पट्ट्याखाली आणि बुडाशी ओल धरून राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पोच, खोल ओरखडे, वेल्डिंगच्या सांध्याजवळचे फुगवटे यांपैकी काहीही दिसले, तर टाकी नाकारावी. टाकीवर नंतर कोणी काही वेल्ड केलेले दिसले, मग ती अगदी छोटी कडी का असेना, तर चर्चा तिथेच थांबवावी. चाचणीची मुदत संपत आलेली पण एरवी निर्दोष टाकी घ्यायला हरकत नाही. मात्र फेरचाचणीचा खर्च, वाहतूक आणि मधले दिवस हिशेबात धरून तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्यावी. माझे स्वतःचे मत विचाराल, तर टाकी नवी आणि बोनेटखालचा संच जुना ही जोडणी सगळ्यांत शहाणपणाची आहे, अर्थात फिटरचा या जोडणीला होकार असेल तरच.

टाकी भरलेली असताना ती उतरवून कोणी विकत असेल, तर तिथे थांबू नये. विकणाऱ्याने गाडी गॅसवर चालवून टाकी रिकामी करायला हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गॅरेजमध्ये टाकीचा व्हॉल्व्ह सैल करून गॅस सोडला, तर तो वर उडून न जाता गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात साठतो आणि मग एखादी ठिणगी पुरेशी ठरते.

टाकीवरच्या मल्टिव्हॉल्व्हकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तो पितळेचा ओबडधोबड गोळा दिसतो. खरे तर टाकी सुरक्षित ठेवण्याचे बरेचसे काम तोच करतो. टाकी ८० टक्के भरली की भरणे थांबवणे, नळी तुटली तर गॅसचा लोंढा अडवणे, दाब फार वाढला तर तो बाहेर सोडणे आणि आतल्या तरंगणाऱ्या गोळ्याने पातळी दाखवणे ही कामे त्याच्याकडे असतात. उरलेली २० टक्के जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, कारण उन्हात द्रवरूप गॅस बराच प्रसरण पावतो. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना दुपारभर उघड्यावर उभी राहणारी गाडी सोलापूरकराला वेगळी समजावून सांगायला नको. मल्टिव्हॉल्व्ह टाकीच्या व्यासाप्रमाणे आणि बसवण्याच्या कोनाप्रमाणे वेगवेगळा येतो, म्हणून एका टाकीचा काढून दुसरीला लावला तर गोळा चुकीच्या पातळीला थांबतो आणि ८० टक्क्यांचा अर्थच उरत नाही. तो त्याच टाकीचा आहे ना, हे व्हॉल्व्हवरचा कोन व व्यास आणि टाकीवरचे माप जुळवून पाहावे. त्याच्यावरची हवाबंद पेटी आणि तिथून गाडीबाहेर जाणाऱ्या दोन जाड नळ्या उतरवताना बहुतेक वेळा हरवतात किंवा फेकल्या जातात. त्या नसतील, तर गळणारा गॅस डिकीतून थेट मागच्या सीटपर्यंत येईल. त्या नव्या घ्याव्यातच.

बोनेटखालचा भाग त्यामानाने सोपा आहे, कारण तिथे दुरुस्ती शक्य असते. रिड्यूसर हातात घेऊन तळाचा स्क्रू उघडावा. थोडे तेलकट काळे पाणी निघणे नेहमीचे आहे, पण डांबरासारखा घट्ट चिकटा निघाला, तर आतला पडदा कडक झाला असण्याची शक्यता मोठी आणि दुरुस्तीचा संच घालावा लागेल. गरम पाण्याच्या नळ्या जोडण्याची तोंडे गंजून पातळ झाली नाहीत ना, ते पाहावे. सोलेनॉइडला बारा व्होल्टची तार लावली की टक असा स्वच्छ आवाज यायला हवा. सिक्वेन्शियल किट असेल, तर प्रत्येक इंजेक्टरचा रोध मल्टिमीटरने मोजावा. नेमका आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, पण चारही इंजेक्टरांचा आकडा जवळपास सारखा हवा. एखादा वेगळा निघाला, तर रेलचा भाव निम्म्यावर आणावा. लोव्हाटो, लँडी रेंझो, टोमासेटो अशा नावाजलेल्या इटालियन बनावटीच्या संचांना पडदे, फिल्टर आणि सील मिळवणे सोपे जाते. अनोळखी नावाचा भाग कितीही चकचकीत असला, तरी त्याचे सुटे भाग पुण्याला किंवा हैदराबादला मिळतात का, हे एक फोन करून विचारून घ्यावे.

हार्नेसकडे मात्र नीट पाहावे. घाईने किट उतरवणारा मिस्त्री जोड सोडवत बसत नाही, तो पक्कडीने वायरी कापतो. त्यामुळे टोकाला कनेक्टरऐवजी रंगीत वायरींचा झुपका लोंबत असेल, तर तो हार्नेस जोडून चालवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात गाडी मधेच बंद पडण्याची सोय करून ठेवणे होय. ईसीएमसाठी आपल्या फिटरकडे त्याच कंपनीचे सॉफ्टवेअर आणि केबल आहे का, हे आधीच विचारावे, कारण जुन्या गाडीचे मॅपिंग (किती गॅस सोडायचा याची ईसीएममधली मांडणी) पुसून नवे केल्याशिवाय सिक्वेन्शियल किट नीट चालत नाही. बीएस ४ (भारत स्टेज ४ हे प्रदूषण मानक) आणि त्यापुढच्या गाडीसाठी मिक्सरच्या किटाचा विचारही करू नये. इंजिनात हवा नेणारे इनटेक मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे असलेल्या गाडीत मिक्सरने बॅकफायर मारला, म्हणजे गॅस मॅनिफोल्डमध्येच पेटून उलटा भडका उडाला, तर मॅनिफोल्ड किंवा एअर फिल्टरची पेटी फुटते आणि वाचवलेले सगळे पैसे तिथे जातात. ‘कंपनी फिटेड’ म्हणून विकले जाणारे संचही जपून घ्यावेत. वॅगन-आर ड्युओसारख्या गाड्या कारखान्यातूनच एलपीजीवर आल्या होत्या आणि त्यांची वायरिंग त्या गाडीशी जुळवलेली असते. ती दुसऱ्या गाडीत तशीच बसत नाही.

तांब्याची नळी, रबरी नळ्या, सांध्यातल्या रिंगा आणि फिल्टर या वस्तू जुन्या घेऊच नयेत. तांब्याची नळी एकदा वाकवून सरळ केली की कडक होते आणि पुन्हा वाकवताना तिला बारीक चीर जाते. किटाबरोबर ती फुकट मिळाली, तर भंगारवाल्याला द्यावी, तांब्याला भाव चांगला येतो.

एका खुणेवरून किट तिथेच नाकारता येते. भरण्याच्या तोंडाला घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर बसवण्याची सोय केलेली असेल किंवा संचात सिलिंडरमधून गॅस ओढणारी छोटी मोटर असेल, तर ते किट घरगुती गॅसवर चालवलेले आहे. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमधला गॅस गाडीत वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि अशा भरण्यात ८० टक्क्यांची मर्यादा कोणी पाळलेली नसते. त्या टाकीने आणि व्हॉल्व्हने काय काय सोसले असेल, हे बाहेरून दिसत नाही.

आता भावाकडे येऊ. एलपीजीच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा कमी ऊर्जा असते, त्यामुळे पेट्रोलवर १५ किलोमीटर देणारी गाडी गॅसवर साधारण १२ देते, असे धरून चालावे. समजा पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गॅस ६५ रुपये आहे, तर पेट्रोलवर किलोमीटरला ७ रुपये आणि गॅसवर सुमारे ५ रुपये ४० पैसे पडतील, म्हणजे किलोमीटरमागे दीड रुपयाच्या आसपास वाचतो. किट, नवी नळी, फिटिंग, टाकीची चाचणी आणि आरटीओचा खर्च मिळून २२,००० रुपये झाले, तर ते वसूल व्हायला सुमारे १४,००० किलोमीटर लागतील. रोज जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढाच ज्यांचा फेरा आहे, त्यांना यासाठी कित्येक वर्षे लागतील. दर आठवड्याला पंढरपूर, तुळजापूर, बार्शी करणाऱ्याला मात्र वर्ष-दीड वर्ष पुरते. त्या दिवशीचे पंपावरचे भाव घालून हा हिशेब स्वतः करावा आणि आपल्या नेहमीच्या वाटेवर ऑटो एलपीजीचा चालू पंप किती अंतरावर आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी दोन-तीन वर्षांत संपत असेल, तर हा खर्च करू नये.

व्यवहार ठरला की पैसे दोन हप्त्यांत द्यावेत : अर्धे वस्तू हातात येताना आणि अर्धे फिटरने सगळे भाग तपासून होकार दिल्यावर. विकणाऱ्याला हे मान्य नसेल, तर त्याला आपल्या किटावर स्वतःचाच विश्वास नाही, असे समजायला हरकत नाही. साध्या कागदावर टाकीचा क्रमांक, रिड्यूसरचा क्रमांक, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात.

किट बसवून झाल्यावर गाडी गॅरेजमधून लगेच बाहेर काढू नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावून फुगे येतात का, ते आपल्या डोळ्यांसमोर पाहून घ्यावे. इंजिन गॅसवर दहा मिनिटे चालू ठेवून रिड्यूसरला हात लावावा. तो कोमट-गरम लागला पाहिजे. त्याच्यावर दव किंवा बर्फासारखा पांढरा थर धरला, तर त्यातून कूलंट नीट फिरत नाही आणि नळ्यांची जोडणी पुन्हा करावी लागेल. त्यानंतर नोंदीचा अर्ज आरटीओकडे चौदा दिवसांच्या आत जाईल, हे फिटरबरोबर पक्के करावे, आणि पीयूसी नव्या इंधनाप्रमाणे नव्याने काढावे. पेट्रोलची टाकी कधीही पूर्ण कोरडी होऊ देऊ नये, कारण पेट्रोलच्या टाकीतला पंप कोरडा चालून जळतो आणि गाडी सुरू तर पेट्रोलवरच होते.

पहिल्यांदा गॅस पाच लिटरच भरावा आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा फेसाची चाचणी घ्यावी. ती टाकी संपवून, पेट्रोलवर पंपावर जाऊन दुसऱ्या खेपेला पूर्ण भरायला सांगावे आणि मीटरवर लक्ष ठेवावे. ४८ लिटरच्या टाकीत ३८ लिटरच्या आसपास पंप आपोआप थांबला, तर मल्टिव्हॉल्व्ह ठीक आहे. आकडा ४१-४२ च्या पुढे जाऊ लागला, तर स्वतः हात करून भरणे थांबवावे, पंपाजवळून गाडी काढून उन्हात न ठेवता सावलीत आणि मोकळ्या हवेत उभी करावी, आणि पातळी खाली येईपर्यंत गॅसवरच चालवून दुसऱ्याच दिवशी फिटरकडे न्यावी. सगळे ठीक असेल, तर हजार किलोमीटरनंतर फिल्टर उघडून पाहावा आणि टाकीच्या पुढच्या हायड्रो टेस्टचा महिना व वर्ष डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावे.